हिरव्या सुतळीची गाठ

“घ्या, तुमच्या गाठीचं खत! आता घ्या वास ह्याचा!”

भाजीपाला पिकवणाऱ्या शालनअक्कांनी रोपांचा ट्रे नर्सरीच्या टेबलावर दाणकन आपटला. टोमॅटोची शंभरेक रोपं, सगळ्यांनी माना टाकलेल्या. पानांच्या कडा तर कुणी पेटती काडी फिरवावी तशा करपलेल्या.

आप्पाजींना ट्रेकडे बघवेना.

हेब्बाळच्या या नर्सरीत ते बावीस वर्षं खत पारखत होते. निपाणीहून आले तेव्हा कन्नड येत होतं जेमतेम, पण नाक असं तिखट, की मालक गुरुप्रसाद गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा. आत गरम लागलं, तर खत अजून कुजतंय. मूठ वळायची, बोट लावताच ती फुटली पाहिजे. आणि शेवटी, सगळ्यात महत्त्वाचं, ती नाकाशी न्यायची. पास झालेल्या पोत्याला हिरव्या सुतळीची गाठ! लोक खताचं नाव विसरायचे, पण “आप्पाजींच्या गाठीचं द्या” म्हणायला विसरत नसत. थोड्या खतात मेथी पेरून बघू या, उगवली तर घेऊ, असं कुणी म्हटलं की आप्पाजी हसायचे, “पाच दिवस थांबताय कशाला? माझं नाक काय रजेवर गेलंय?”

“अक्का, हाताला गार लागलं हो. मूठ बी फुटली…”

“हाताचं सोडा! तुमच्या गाठीकडं बघून मी सगळी रोपं ह्याच खतात केली. एक जगलं न्हाई. आता परत बी टाकून रोपं येईस्तोवर माझा हंगाम जातोय की!”

त्या तरातरा शेडमध्ये गेल्या, गाठीचं एक पोतं सोडलं आणि मूठभर खत उचललं. दुसऱ्या हाताने लगेच पदर नाकाला लावला. डोळ्यांत पाणी आलं. तशीच मूठ त्यांनी आप्पाजींच्या नाकाशी धरली.

“सांगा.”

आप्पाजींनी डोळे मिटले. खोल श्वास घेतला. जुन्या सवयीने मान डोलावली. “रानातल्या मातीचा वास. झकास मुरलंय.”

शालनअक्कांची मूठ हळूच खाली आली. पदर नाकावरच राहिला.

“आप्पाजी,” त्यांचा आवाज एकदम उतरला, “कधीपासनं?”

“दिवाळीत ताप आला, तवापासनं.” आप्पाजी जमिनीकडे बघत होते. “वाटलं, येईल परत. कॉफीचा वास येईना. घरात फोडणी जळाली तरी कळेना. सांगितलं असतं तर इथं माझं काम काय उरलं असतं, अक्का?”

“मग मेथी पेरायची होती की हो.”

शालनअक्कांनी ट्रे उचलला आणि त्या निघून गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आप्पाजी शेडमध्ये बसले आणि एकेका पोत्याची गाठ सोडू लागले. इतक्या घट्ट मारलेल्या, की नखं दुखली. दुपारपर्यंत एकाही पोत्याला सुतळी उरली नाही.

तेवढ्यात समोरच्या अपार्टमेंटमधली उल्का स्कूटरवरूनच ओरडली, “काका, दोन बॅग्ज! तुमच्या गाठीच्याच हं, दुसऱ्या नकोत!”

“गाठीचं संपलं, ताई.”

“अरेच्चा! मग परत कधी येणार?”

आप्पाजींनी मांडीवरचा हिरव्या सुतळीचा गुंता गोळा केला आणि स्वतःला काही कळायच्या आत तो नाकाशी नेला.