मधोमध ठेवलेली वाडगी

मी मातीची वाडगी बोलतेय. तांबूस, पसरट, आतून चकचकीत, खालून खरखरीत. वाटी म्हणाल तर मी मोठी आणि ताटली म्हणाल तर खोल. त्यामुळे इथे आल्यापासून मला कुठल्या फळीवर ठेवायचं, हे कुणालाच नीट कळलेलं नाही.

माझा जन्म स्पेनमधल्या एका कुंभाराच्या घरचा. भट्टीतून काढल्यावर त्यानं माझ्या काठावरून बोट फिरवलं आणि स्वतःशीच मान हलवली. तेवढंच माझं कौतुक. पुढे एका लहानशा खाणावळीत माझी बरीच वर्षं गेली. तिथे मी थेट आचेवर चढायची. तेल, लसूण, सुकी मिरची आणि कोळंबी. तेल चरचरत असतानाच मला टेबलावर मधोमध आणून ठेवत. भोवती माणसं उभी असत. कुणी काट्यानं कोळंबी उचले, कुणी पावाचा तुकडा तेलात बुडवी. कुणाच्या वाट्याला किती आलं, हे कुणी बघत नसे. अशा बारक्या बारक्या पदार्थांना तिथे टापास म्हणतात. पोट भरण्यापेक्षा बोलणं लांबवण्यासाठीच ते खात असावेत, असं मला नेहमी वाटे.

त्या खाणावळीत एक मुलगी भांडी घासायला यायची. लांबून शिकायला आलेली. शिक्षण संपवून ती घरी निघाली, तेव्हा मालकिणीनं मला एका जुन्या स्वेटरात गुंडाळून तिच्या हातात दिलं.

घरी येऊन मुलीनं वडिलांच्या बंद पडलेल्या शिंपीकामाच्या दुकानात टापासचं हॉटेल काढलं. भिंती रंगवल्या, दिवे लावले, पण कापड बेतायचं लांबलचक टेबल तेवढं तसंच ठेवलं. त्यावर कात्रीचे ओरखडे होते. या टेबलाच्या एका बाजूला तिचे बाबा आणि दुसऱ्या बाजूला काका, असा दोघा भावांचा जन्म गेला होता. काका बेतायचे, बाबा शिवायचे. मग कशावरून तरी बिनसलं आणि वाटणी झाली. कात्र्या, इस्त्र्या, दोऱ्याची रिळंसुद्धा निम्मी निम्मी केली. काकांनी दोन गल्ल्या पलीकडे खोली घेतली. तेव्हापासून दोघांत अबोला.

मुलीचा माझ्यावर फार भरवसा. एका भांड्यात हात घातला की माणसं जवळ येतात, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. येणारे मात्र माझ्यावर वाकून बघायचे.

"ही चव बघायला दिलीय ना? जेवण कधी येतंय?"

"हेच जेवण आहे साहेब," वाढपी म्हणायचा.

"असं होय. मग भूक घरीच ठेवून यायला हवी होती."

वाढपी सज्जन माणूस. गिऱ्हाईक जरा अवघडलं की तो लगेच वेगळ्या प्लेटा आणायचा आणि माझ्यातलं वाटून द्यायचा, कुणाला कमीजास्त होऊ नये म्हणून अगदी सारखं. मुलगी चिडायची. "दादा, वाटत नका जाऊ हो." तो म्हणायचा, "ताई, लोकांना संकोच वाटतो."

अशात कळलं की काका आपल्या लेकीकडे, परगावी निघालेत. कायमचे. मुलगी त्यांच्या खोलीवर गेली आणि जाण्याआधी एकदा हॉटेलात याच, म्हणून हटून बसली. या दोघांनी एकदा तरी एकत्र खावं, एवढंच तिला हवं होतं. पुन्हा अशी वेळ येणार नव्हती.

काका दुपारी आले. बाबा आधीपासून टेबलाशी उभे होते.

"काय गं चिमणे, एवढं लांब शिकलीस आणि वाडगी मांडतेस होय?"

"मांडते तर. उभं राहूनच खायचं काका. तुमची जागा तुम्हाला ठाऊक आहे."

काका आपल्या बाजूला जाऊन उभे राहिले. मुलीनं मला दोघांच्या मधोमध ठेवलं आणि मुद्दाम आत निघून गेली.

माझ्यातलं तेल अजून चरचरत होतं. मग बाबा खाकरले.

"गरम आहे. जपून."

"दिसतंय."

काकांनी पावाचा तुकडा मोडला. हात माझ्या काठापर्यंत आला आणि थांबला. बाबांचाही हात तसाच थांबला. "तू घे आधी" असं काहीतरी बाबा म्हणणार होते. त्यांचे ओठ हललेले मी पाहिले.

तेवढ्यात वाढपी प्लेटा घेऊन धावत आला.

"अवघडू नका हो काका, मी देतो ना वाटून." त्यानं कोळंबी दोन्हीकडे सारखी घातली. शेवटी एक उरली. तीही त्यानं सुरीनं मधोमध कापली.

काकांनी पाव खाली ठेवला. "वा. एवढं एक कापायचं राहिलं होतं म्हणायचं."

"टोमणा कुणाला मारतोस?"

"तुला कशाला मारू? ह्यांना म्हणालो."

"कळतं मला."

"हो, तुला सगळंच कळतं. पहिल्यापासून."

मुलगी बाहेर आली, तोवर काका दाराशी पोचले होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जागा छान केलीस हो," म्हणाले आणि गेले. वाढप्याला बिचाऱ्याला आपलं काय चुकलं, ते अजून उमगलेलं नाही.

मुलीनं हट्ट सोडला. आता इथे ज्याची त्याची प्लेट. मी फळीवर असते. माझ्या तळाला बारीक चीर गेलीय, आणखी किती दिवस आच सोसवेल सांगता येत नाही. म्हणून एवढंच मागते. तुमच्या टेबलावर माझ्यासारखं काही मधोमध आलं आणि समोरच्याचा हात काठाशी थांबला, तर चटकन प्लेटा मागवू नका. त्या हाताला वेळ द्या.

दुपारची गर्दी ओसरली की बाबा येतात आणि मला खाली काढून माझ्यात कोळंबी करायला लावतात. आपल्या बाजूला उभे राहून, माझ्यातलं आपल्याकडचं तेवढंच खातात. पलीकडची कोळंबी गार होत जाते. मुलगी मला उचलायला येते, तेव्हा तिच्याकडे न बघता म्हणतात, "राहू दे गं, थोडा वेळ."