मालुबाईच्या पिशवीतला आरसा

मित्रांनो, माझ्यात तोंड पाहायला वाकलात तर नाकाच्या जागी तुम्हाला एक काळा डाग दिसेल. घाबरू नका. डाग तुमच्या नाकावर नाही, माझ्या पोटात आहे. पाठीवरचा पारा उडाला की म्हाताऱ्या आरशांचे असेच होते. पण तो शाबूत होता तेव्हा मी जी छते पाहिली, ती फार थोड्या आरशांच्या वाट्याला आली असतील.

माझी काच बेळगावच्या बाजारात कापली गेली. आकार म्हणाल तर शाळेच्या वहीएवढा. खानापूरच्या रवळू सुताराने एका खिडकीतून उरलेल्या सागवानी पट्टीची मला चौकट केली. मालुबाईच्या आईने मला लेकीच्या रुखवतात मांडले आणि मी वडगावच्या विणकराच्या घरात आलो. पुढे कितीतरी वर्षे कुंकू सरळ लागले की नाही, एवढेच मी सांगत असे.

मालुबाईचे यजमान मारुतीराव खड्ड्यातल्या मागावर साड्या विणत. पाय खड्ड्यात, मान खाली, नजर धाग्यावर आणि हातात धोटा. तीस वर्षे असे बसल्यावर त्यांची मान खाली झुकली ती खालीच राहिली. समोरचे माणूस दिसे, पण माडावरचा नारळ दिसत नसे.

मागाला सुट्टी फक्त अमावस्येला. त्या दिवशी विणकर मागाला हात लावत नाही. एकदा अशाच अमावस्येला मालुबाईंनी त्यांना बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती पाहायला नेले. आठशे वर्षांचे ते जैन मंदिर. त्याच्या छतातून दगडाचे एक मोठे कमळ खाली लोंबते. आलेला प्रत्येक जण मान वर करून थक्क होत होता. मारुतीराव तेवढे फरशीकडे बघत उभे होते.

"बघा की वर," मालुबाई म्हणाल्या.

"मान हुईना गं. तू बघ. मी हितली फरशी बघतो, ही बी चांगलीच हाय."

मालुबाईंनी पिशवीत हात घातला. देवळात जायचे म्हणून कुंकवासाठी त्यांनी मला बरोबर घेतले होते. पदराने मला पुसून त्यांनी मारुतीरावांच्या पोटाशी आडवे धरले आणि म्हणाल्या, "आता हितं बघा. खालीच बघायचंय न्हवं तुमास्नी?"

मित्रांनो, त्या क्षणी ते कमळ माझ्यात उतरले. छताला उलटे टांगलेले फूल माझ्या काचेत तळ्यातल्यासारखे उमललेले दिसत होते. मारुतीराव माझ्यावर आणखी वाकले. मग त्यांनी खिशातून नक्षी उतरवायचा चौकड्यांचा कागद काढला आणि पाकळ्या मोजत आकृती काढायला बसले. मालुबाईंचे हात अवघडले, पण त्यांनी मला हलू दिले नाही. पुढच्या महिन्यात ते कमळ एका साडीच्या पदरावर आले. व्यापाऱ्याने विचारले, "ही नक्षी कुठली?" मारुतीराव म्हणाले, "आमच्या आरशातली."

त्या दिवसापासून माझे दिवस पालटले. दर अमावस्येला आम्ही तिघे बाहेर पडू लागलो. आता आपल्याकडे अमावस्येला कुणी प्रवासाला निघत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. शेजारचा भावकू दारात उभा राहून टोमणा मारायचाच.

"मारुतीअण्णा, आवसंला गाव सोडून कुठं चाललासा? वैनीस्नी तरी ठेवून जावा."

"तिला ठेवली तर आरसा कोण धरणार?" मारुतीराव म्हणायचे. "तू येतोस?"

"नगं बा. मला माझं तोंड घरात दिसतंय."

"तेवढंच बघ मग," मालुबाई पुढे होत म्हणायच्या.

देगावला कदंब राजघराण्यातल्या राणीने बांधवलेले कमलनारायणाचे देऊळ आहे. तिथल्या अंधाऱ्या मंडपात मी दाराशी ऊन झेलून आत फेकले. हलशीला देवळाचे शिखर पायरीपायरीने आकाशात चढत जाते. तिथे मला तिरके धरून मालुबाई शिखराभोवती हळूहळू फिरल्या आणि मारुतीराव माझ्यात बघत त्यांच्या मागून फिरले. दोनदा ते त्यांच्या टाचेवर पाय देऊन अडखळले. "डोळं आरशात आन पाय माझ्या टाचंवर," असे म्हणून त्या हसत सुटल्या. त्यांच्या हसण्याने मी हातात हललो आणि सगळे शिखर डुलले.

देगावलाच एक प्रवासी मास्तर भेटले. आमची ही रीत पाहून त्यांना कौतुक वाटले. ते म्हणाले, "छतांची एवढी आवड आहे तर जुन्या गोव्याला जा. युरोपात चारपाचशे वर्षांपूर्वी जसे घुमट बांधत, तसा एक घुमट तिथल्या चर्चला आहे. खाली उभं राहिलं की वाटतं, दगडाचं आभाळ आहे."

मालुबाईंनी हे शब्द मनात धरले. बस गोव्याला कणकुंबीवरून, चोर्ला घाटातून जाते. एका दिवसाची तर वाट. पण एका अमावस्येला लग्नसराईच्या साड्या अडल्या, एकीला पावसाने घाट बंद झाला, एकीला सून बाळंत झाली. "पुढच्या आवसंला जाऊ," असे मारुतीराव म्हणत. "त्यो घुमट कुठं पळून जातोय?"

घुमट कुठे गेला नाही. मालुबाई गेल्या. ताप आला, महिनाभर हटला नाही, आणि दिवाळीच्या आधी घर रिकामे झाले.

मारुतीरावांनी मला मालुबाईंच्या एका जुन्या साडीत गुंडाळले आणि माळ्यावर ट्रंकेमागे ठेवले. टाकले नाही, हे मला कळत होते. ते मला जपत होते. पण मित्रांनो, अंधारात आरसा कुणाला काय दाखवणार? साडीत ओल शिरली, साडीतून माझ्या पाठीत. नऊ पावसाळे मी तसाच पडून होतो. खाली माग बंद पडल्याचेही मला आवाजावरूनच समजले. त्या काळात मी रोज एकच विचार करायचो. मला जर एकदा त्या घुमटाखाली नेले, तर उरलेला सगळा पारा मी पणाला लावीन.

यंदा गुढीपाडव्याच्या साफसफाईत नीलमने मला खाली काढले. नीलम मारुतीरावांची नात, बेळगावात कचेरीत नोकरी करते. तिने माझ्यावरची साडी सोडवली आणि विचारले, "आप्पा, हा आज्जीचाच आरसा ना?"

मारुतीरावांनी मला मांडीवर घेतले. त्यांचे तोंड माझ्यात अर्धेच दिसले.

"येत्या आवसंला गोव्याला जायचं," ते म्हणाले.

"आवसंला कशाला? आता माग कुठं चालवताय? रविवारी जाऊ की."

"न्हाय. आवसंलाच."

नीलमने रजा टाकली. पहाटेच्या बसने आम्ही निघालो. दुपारी जुन्या गोव्याच्या त्या पांढऱ्या चर्चमध्ये शिरलो आणि मोठ्या घुमटाखाली येऊन थांबलो. नीलमने मला आजोबांच्या पोटाशी धरले. नऊ वर्षे मी ज्याची वाट पाहिली, तो क्षण आला होता.

आणि मला काहीच दाखवता आले नाही. घुमटाची कड दिसत होती, खिडक्यांतल्या उन्हाचा एक तुकडा दिसत होता. मधोमध सगळे काळे होते. नीलमने मला इकडून तिकडून फिरवून पाहिले. नंतर ती हळूच म्हणाली, "आप्पा, मोबाईलवर फोटो काढून दाखवू?"

"नको," मारुतीराव म्हणाले.

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी करून फरशीवर ठेवला, गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले आणि सावकाश पाठीवर आडवे झाले. मान वर करायची गरजच उरली नाही. तिथला राखणदार लगबगीने आला. पण वाकलेल्या मानेचा तो म्हातारा डोळे सताड उघडे ठेवून वर बघत होता. ते पाहून राखणदार मध्येच थांबला आणि म्हणाला, "पाच मिनटां, आजोबा." मग लोकांना बाजूने जायला सांगू लागला.

मी फरशीवर त्यांच्या शेजारी होतो. घुमटाच्या खिडक्यांतून ऊन आत येत होते आणि त्यांच्या डोळ्यांच्या कडांमधून पाणी कानांकडे ओघळत होते.

नीलम जवळ बसली. "आप्पा, असं झोपून इतकं छान दिसतंय, तर इतकी वर्षं असंच का नाही बघितलं?"

"मला काय ठाऊक न्हवतं व्हय?" मारुतीराव घुमटावरची नजर न काढता म्हणाले. "कमल बस्तीतच सुचलं व्हतं. पर मी आडवा झालो असतो, तर तुझ्या आज्जीनं काय धरलं असतं?"

मित्रांनो, हे ऐकून माझा अभिमान गळाला, आणि मला वाईटही वाटले नाही. छतांसाठी माझी कधीच गरज नव्हती. मी होतो म्हणून दोन माणसे एकमेकांच्या जवळ उभी राहत होती.

आता मी नीलमच्या खोलीत भिंतीवर असतो. ती मला कोरड्या फडक्याने पुसते आणि भिंतीला ओल आली की जागा बदलते. तुम्हीही घरातल्या जुन्या वस्तू बांधून ठेवू नका, वापरा आणि पुसत राहा. जुन्या देवळांत, जुन्या चर्चमध्ये जा, पण भिंतींवर नावे कोरू नका. आणि तिथे तुमच्या शेजारी कुणी म्हातारे माणूस फरशीकडे बघत उभे असेल, तर त्याला विचारा, "वर काय आहे ते दाखवू का?" ते नको म्हणाले, तरी जरा वेळ तिथेच थांबा.