गंडा आधी कंदिलाला

"विझला! विझला!" विहिरीच्या काठावर सगळं गाव ओरडलं. भूत उतरवायला आलेल्या मांत्रिक बाबांनी दोरीनं सोडलेला कंदील पस्तीस फुटांवर गपकन विझला होता.

"पाहिलंत? फुंकर मारली भुतानं!" बाबा डोळे फिरवत म्हणाले. "खाली बसलाय तो! काल पहार त्याच्या डोक्यात लागली, म्हणून माणूस आडवा पाडला."

आडवा पडला तो माझा नवरा. आम्ही विहिरी खणणारी माणसं. तो खाली खणतो, मी वरून रहाटानं मातीची बादली ओढते. चार-चार हात खणायचं, बाजू दगडांनी बांधायच्या, मग पुढे. काल त्याला घेरी आली. कमरेला दोर होता म्हणून ओढून काढला, नाहीतर... छे, तो विचारही नको!

बाबांनी त्याच्या मनगटाला मंतरलेला गंडा बांधला. "उतर बिनधास्त! काय बिशाद त्याची!"

नवऱ्यानं लगेच बादलीत पाय टाकला. मी रहाट घट्ट धरून ठेवला.

"अहो, थांबा! तो गंडा आधी कंदिलाला बांधा. माणूस वाचवणाऱ्याला ज्योत वाचवणं म्हणजे डाव्या हातचा मळ!"

लोक हसले. बाबांना नाही म्हणता येईना. कंदील गंड्यासकट खाली गेला आणि गंड्यासकट विझला.

"मग बाबा, तुम्हीच उतरा."

"माझा गुडघा धरलाय."

मी घरातून खोल पातेलं, खाण्याचा सोडा आणि लिंबू आणलं. सोड्यावर लिंबू पिळलं, फसफस झाली. पेटती काडी आत धरली, तर विझली.

"आता हे भूत माझ्या पातेल्यात शिरलं का? अहो, हा जड वायू. दिसत नाही, पण खड्ड्यात पाण्यासारखा साठतो. त्यात ज्योत जगत नाही, माणूसही नाही."

"पण काल माझी बॅटरी तर पेटत होती," नवरा म्हणाला.

"बॅटरीला श्वास लागतो का?"

तो ओशाळला. सासरे नेहमी सांगायचे, कंदील आधी, माणूस मागून. यंदा नवी बॅटरी घेतली आणि या शहाण्यानं कंदील घरी खुंटीला टांगला!

मी मोठी छत्री उघडून दोराला उलटी बांधली आणि तो वायू उपसायला विहिरीत खालीवर, खालीवर केली. दमले तेव्हा बाबांच्याच भक्तांनी दोर धरला. शंभर खेपांनंतर कंदील सोडला, तर तळाशी छान जळत राहिला. तरीही नवरा कमरेला दोर बांधून, कंदील पुढे ठेवूनच उतरला.

दुपारी खालून हाक आली, "अगं, पाणी लागलं!" मी रडले आणि हसलेही. बाबा कधीच पसार झाले होते, दुखऱ्या गुडघ्यासकट.

गंडा अजून कंदिलालाच आहे. तुम्हाला कुणी असा गंडा बांधायला आला, तर लाजू नका. आपला माणूस खाली सोडण्याआधी एकदा कंदील सोडून बघा.