तेजूच्या दारचं झाड

पाटोद्याच्या सुंदररावांना लेकीनं कॅनडाहून फोन करून विचारलं, "नाना, घरापुढं झाड कोणतं लावू?" आणि त्याच क्षणी त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

तसं विचारण्यात वावगं काहीच नव्हतं. सुंदररावांची रोपवाटिका तालुक्यात नावाजलेली. सीताफळाचं कलम बांधण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, आणि न जगणारं रोप त्यांनी आजवर कुणाच्या पदरात टाकलेलं नाही. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं तरी ‘तुमच्या मुरमात हे येणार न्हाई’ म्हणून ते सरळ त्याला वाटेला लावत. अशा माणसाची लेक झाडाचं त्याला नाही विचारणार तर कुणाला? पण तेजश्रीनं सहा वर्षांत झाडाचं नाव काढलं नव्हतं. आणि भाड्याच्या घरापुढं कुणी झाड लावतं होय?

"कुंडीत का जमिनीत?" सुंदररावांनी साळसूदपणे विचारलं.

"जमिनीत. लई मोठं नको, वरून विजेची तार गेलीय. फुलं यावीत, न्हाईतर पानं तरी रंगीत असावीत. आन् थंडी सोसणारं पाहिजे, नाना. हितं उणे तीसपर्यंत जातंय."

"भिंतीपासून किती लांब?"

"दहा फूट."

"पुरं वाढायला?"

"हितल्या झाडांना पंधरा वर्षं लागत्यात म्हणं."

पाच वर्षांनी परत येऊ आणि सीताफळाचा गर काढायचा कारखाना टाकू, असं सांगून लेक-जावई गेले होते. पाचाची सहा झाली. कारखान्यासाठी म्हणून सुंदररावांनी रस्त्याकडेची जागा मोकळी ठेवली, वर पत्र्याचं शेडही ठोकलं. सध्या त्यात शेजाऱ्याच्या शेळ्या रवंथ करत बसत.

"घर घेतलं का म्हणून इचारा की सरळ," फोन ठेवल्यावर रतनबाई म्हणाल्या. नवऱ्याच्या कपाळावरची आठी त्यांना पन्नास पावलांवरून वाचता येई.

"तिनं सांगाया पाहिजे. मी कावून इचारू?"

"पोरगी झाड इचारतीय आन् तुमी पोलिसावानी जबाब घेताय."

पण सुंदरराव आता तपासाला लागले होते. दोन दिवसांनी तेजश्रीनं तिथल्या नर्सरीतल्या तीन झाडांचे फोटो पाठवले, आणि जिथं खड्डा घ्यायचा त्या जागेचाही एक. सुंदररावांनी झाडं नंतर पाहिली. आधी जागेचा फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला आणि त्यात मागं दिसणारं घराचं दार न्याहाळलं. दारावर लाकडी पाटी होती, मराठी अक्षरांची. तेजश्री आणि जीवन. भाडेकरू दाराला अशी पाटी ठोकत नाही. म्हणजे घर विकत घेतलं होतं, आणि आई-बापाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

मग त्यांनी झाडं पाहिली. पहिलं शोभेचं सफरचंद. पांढऱ्या फुलांनी लगडणारं, फळ आपल्या बोराएवढं. दुसरं पानगळीआधी लालभडक होणारं मेपल. तिसरं जपानी मेपल, बारीक कातरलेल्या पानांचं, तिघांत देखणं. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर एक आकडा होता. सुंदररावांनी सकाळभर मोबाईलवर व्हिडिओ पाहून त्याचा अर्थ लावला. आकडा जितका लहान, तितकी जास्त थंडी ते झाड सोसणार. तेजूच्या गावाचा आकडा तीन. पहिली दोन झाडं त्यात बसत होती. देखण्या झाडावर पाच लिहिलं होतं, म्हणजे ते पहिल्या हिवाळ्यातच जाणार.

त्यांच्या मनात जे आलं त्याची त्यांची त्यांनाच किळस वाटली. पण त्यांनी ते हाकललं नाही. आपलं तिथं काही रुजत नाही हे एकदा कळू दे पोरीला, असं त्यांना वाटलं.

"तिसरं लाव," त्यांनी फोनवर सांगितलं.

"नक्की ना, नाना?"

"कावून? माझ्यावर भरवसा न्हाई का?"

आठ दिवस गेले. सुंदररावांना अन्न गोड लागेना. रतनबाईंनी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा उडवून लावलं. मग एका दुपारी वस्तीवरच्या छबुबाई नारळाचं रोप न्यायला आल्या. सुंदररावांना त्यांची जमीन माहीत होती. वीतभर मातीखाली नुसता खडक.

"तुमच्याकडं नारळ येणार न्हाई, छबुबाई."

"लेकाची लई हौस व्हती," त्या म्हणाल्या. "पर तुमी म्हणता म्हंजे झालं." हातातलं रोप त्यांनी जिथल्या तिथं ठेवलं आणि उलट एक शब्द न बोलता निघून गेल्या. सुंदरराव त्यांच्या पाठीकडं पाहत राहिले. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

दिवेलागणीला त्यांनी फोन लावला. तिकडं सकाळ होती.

"तेजू, ते झाड घेऊ नको."

"घेतलं की. परवाच लावलं."

"उपट अन् परत दे. तिथली थंडी त्याला सोसायची न्हाई."

"ठावं हाय," तेजश्री म्हणाली. "नर्सरीतली बाई दोनदा म्हणली, हे हितं जगत न्हाई, दुसरं घ्या. जीवनबी म्हणले. मी म्हणलं, माझ्या नानांनी सांगितलंय. भांडून आणलं."

सुंदररावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमाला कवा कळलं, नाना?"

चष्मा जुना झालाय, आकडा चुकीचा वाचला, असं सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"आदीपासून ठावं व्हतं."

"मंग सांगितलं कावून?"

"तू घर घेतलं आन् मला सांगितलं न्हाईस म्हणून."

तिकडून हुंदका ऐकू आला. "ते सांगायलाच तर फोन केलता. घर घेतलं म्हणायला तोंड उघडंना, म्हणून झाडाचं काढलं. वाटलं, तुमी इचारताल. तर तुमी इचारलं, भिंतीपासून किती लांब."

रतनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. सुंदररावांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

"म्हंजे आता यायचं न्हाई तुमचं."

"न्हाई, नाना."

सुंदररावांनी फोन व्हिडिओवर घेतला. "झाड दाखव," ते म्हणाले.

ती मोबाईल घेऊन अंगणात गेली. कोवळ्या उन्हात कमरेएवढं लालसर झाड उभं होतं. बुंध्याभोवती तिनं हातानं गोल आळं केलं होतं आणि माती नीट दाबली होती. सुंदरराव पाहत राहिले.

"जमीन गोठायला किती दिवस हायत?"

"महिना, सव्वा महिना. जगंल का, नाना?"

"अवघड हाय," सुंदरराव म्हणाले. "झाडाला गुंडाळायला तिथं गोणपाट मिळतंय का?"