सेफ्टी कारच्या मागे

शेवटचा साधा दिवस रविवार होता. बाबांनी दुपारी फुलकोबी काढली, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधल्या, त्यांच्यावर ओलं पोतं टाकलं आणि सोमवारच्या बाजारासाठी सगळं छोट्या हाथीत भरून ठेवलं. छोटा हाथी म्हणजे आमचा भाजी नेण्याचा टेम्पो. मग हातपाय धुऊन ते ओसरीवर खांबाला टेकून बसले आणि म्हणाले, "गुंजन, लाव वो रेस."

मी वर्ध्याला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. सुट्टीला गावी यायची. आमचं गाव केळझरकडे, मोठ्या रस्त्यापासून आत. आई गेल्यानंतर घरात फार शांत वाटायचं, म्हणून मी बाबांना मोबाइलवर कारच्या शर्यती लावून दिल्या होत्या. तरुणपणी ते ट्रकवर होते, तेव्हा थोडा वेळ बघतील असं वाटलं होतं. पण त्यांना त्याची गोडीच लागली. चालकांची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. गाडी हिरवी, पांढरी नाहीतर लाल. नियम मात्र त्यांनी एकेक विचारून घेतले, मला वाचून दाखवायला लावले, आणि हळूहळू तेच मला चुका दाखवू लागले.

सगळ्यात जास्त त्यांना सेफ्टी कारचा नियम आवडायचा. शर्यतीत अपघात झाला की एक साधी गाडी सगळ्यांच्या पुढे येते. मग कोणी कितीही जोरात असो, तिच्या मागे रांगेनं हळू चालायचं, रस्ता मोकळा होईपर्यंत एकमेकांना ओलांडायचं नाही. गावात कोणी विचारलं तर बाबा सांगायचे, "मयतीच्या मांगं चालतो का नाई आपन? तसंच. किती का घाई असंना, समोर कोनी जात नाई."

बंडूजी काकाजी आले तेव्हा शर्यत निम्मी झाली होती. ते बाबांचे शाळेपासूनचे मित्र, शेजारच्या वावराचे. शर्यत त्यांना किती कळायची ते सांगता येत नाही, पण बाबा हिरवीचे म्हणून ते पांढरीचे.

"काय म्हन्ते तुही हिरवी? पंचर झाली का नाई अजून?"

"बस गुपचूप. समोर हाय ते. तुही पांढरी धूळ खाऊन राह्यली."

"धुळीची आदत हाय आपल्याले."

मोबाइल मी मुरमुऱ्यांच्या डब्याला टेकवून ठेवला होता. दोघं त्याच्यावर इतके वाकले होते की मला मागून दोन टकलांच्या मधली फटच दिसत होती. शेवटचे काही फेरे उरले असताना एक गाडी कठड्यावर आदळली आणि सेफ्टी कार आली. सगळ्या गाड्या रांगेत लागल्या. हिरवी पहिली, तिच्या मागे पांढरी. आणि मग हिरवी एकदम हळू झाली, थोडी बाजूलाही सरकली. चालकाचा हात वर झालेला दिसला. पांढरी क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि पुढे निघून गेली.

"गेली!" बंडूजी ओरडले. "गेली ना बापा!"

"जाऊ शकत नाई ते," बाबा म्हणाले. "सेफ्टी कार हाय."

"अबे, तुही बंद पडली. बंद पडलेल्याच्या समोर जाता येते. तूच सांगतलं होतं मांगं."

तेही खरं होतं. पुढच्या गाडीत बिघाड झाला असेल तर तिला ओलांडायची मुभा असते. पण हिरवी बंद पडली नव्हती. ती पुन्हा नीट चालायला लागली, आणि शर्यत संपल्यावर तिच्या चालकानं सांगितलं की मी ब्रेक तापवत होतो, हात भलत्याच कारणानं वर केला होता, माझी जागा मला परत द्या. पांढरीचा म्हणाला, त्यानं मला हातानं जा म्हटलं. प्रकरण पंचांकडे गेलं. पडद्यावर आलं, निकाल राखून ठेवला आहे.

"हात केला म्हून जायचं?" बाबा म्हणाले. "हात कोनाले केला, कायले केला, हे समजल्याबिगर जायचं? थांबायले पाह्यजे होतं त्यानं."

"समोरचा मरून राह्यला अन् मांगच्यानं काय वाट पाहात उभं राह्यचं? रूपराव, तुह्यासारखे चालले असते त जगात कोनी बाजारातच पोचलं नसतं."

"मी पोचतो ना रोज."

"सारी भाजी सुकल्यावर."

बाबा हसले. मग बंडूजी माझ्याकडे वळले. "तू सांग गुंजन. शिकली-सवरली हायेस. कोन बरोबर?"

मला पांढरी बरोबर वाटत होती. पुढची गाडी रेंगाळली, बाजूला झाली, हात दिसला. आणखी किती स्पष्ट हवं? पण बाबांच्या समोर बाबांच्या विरुद्ध बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. मनाई नव्हती, नुसती सवय नव्हती. "चहा ठेवते," मी म्हणाले आणि आत गेले.

"पाह्यलं?" मागून बंडूजींचा आवाज आला. "तुही पोरगीही तुह्याकडून नाई बोलली."

"माह्या विरुद्धही नाई बोलली," बाबा म्हणाले.

सोमवारी सकाळी ते टेम्पोला हात लावून उभे होते. मी कॉलेजला जायला तयार होऊन बाहेर आले, तर किल्ली माझ्यापुढे धरली. "तूच चालव आज. छातीत जळजळ होऊन राह्यली." बाबांनी स्वतःहून किल्ली दिली असं कधी झालं नव्हतं. त्यांची बंडी घामानं पाठीला चिकटली होती, आणि त्या दिवसांत सकाळी आम्ही शेकोटी पेटवत होतो. मी जळजळ कुठे होते ते विचारलं. त्यांनी डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत हात फिरवला. भाजी उतरवायला मी थांबले नाही. "बाजार नाई, आपन दवाखान्यात चाललो," मी म्हणाले. ते वाद न घालता बाजूला चढून बसले, आणि मला त्याचीच भीती वाटली.

गावातून मोठ्या रस्त्याला जायला एकच वाट. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला तुरीच्या वावरांपर्यंत उतरणारी खोल नाली. शाळेच्या वळणावरून पुढे आलो आणि मला माणसांच्या पाठी दिसल्या. पांढऱ्या टोप्या, खांद्यांवर दुपट्टे, रस्ता भरून. त्यांच्या पलीकडे उचललेली तिरडी.

"रुख्माबाई," बाबा म्हणाले. "रात्रीच गेली म्हने."

मी वेग कमी केला. मग पहिल्या गिअरवर आले. माझा हात हॉर्नकडे गेला, तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं.

"हॉर्न नको वाजवू."

"बाबा, रस्ता देतीन ते. सांगते मी उतरून."

"मयतीच्या समोरून गाडी नाई काढत. तुह्या मायच्या मयतीले रुख्माबाई साऱ्यायच्या आंधी आलती. दोन घागरी पानी घेऊन आलती बुढी." बोलताना ते मध्येच थांबून श्वास घेत होते. "विसावा येऊन राह्यला. मोकळा होईन रस्ता."

विसावा म्हणजे नाल्याच्या अलीकडचा चौथरा. तिथे तिरडी खाली टेकवतात, खांदे बदलतात. मला वाटलं, तिथे माणसं पांगतील. आम्ही त्यांच्या चालीनं चाललो. टेम्पो इतक्या हळू चालायला बनलेला नाही. तो सारखा आचके देत होता आणि प्रत्येक आचक्याला बाबांचे डोळे मिटत होते. मागे कोबीची पोती घसरत होती. मनगट त्यांनी सोडलं नव्हतं. त्यांची बोटं गार होती.

"निकाल लागला का वो त्याचा?" त्यांनी मध्येच विचारलं.

"कशाचा?"

"हिरवीचा."

"नाई पाह्यलं, बाबा. पाहते. आंधी दवाखान्यात तं जाऊ."

"पाह्यजो."

विसाव्यावर तिरडी खाली टेकली. माणसं पांगली, पण कडेला गेली नाहीत. जिथे होती तिथेच रस्त्यावर उभी राहिली. कोणी तंबाखू मळू लागला. मागच्या बाजूला उभे असलेले गावातले प्रेमदास वळले, त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि हात वर केला. तो हात मला आजही दिसतो. खांद्याच्या थोडा वर गेला, तळवा आमच्याकडे, आणि एकदा हलला.

"बाबा, जा म्हणून राह्यले ते."

"आपल्याले नाई म्हनत."

"मंग कोनाले? आपल्या मांगं कोनीच नाई."

"खांदेकऱ्यायले बलावून राह्यला असन. थांब." ते माझ्याकडे वळले. ओठ कोरडे पडले होते. "समजल्याबिगर नाई जायचं, बाई."

मी थांबले. क्लच दाबून, समोर बघत. चौथऱ्याच्या डाव्या बाजूनं एक टेम्पो निघेल इतकी जागा होती. दोन-तीन माणसं सरकली असती तर. मी त्या जागेकडे पाहत राहिले. मग पुन्हा तिरडी उचलली गेली, आणि स्मशानाच्या वळणापर्यंत आम्ही तिच्या मागे गेलो. तिथे रस्ता मोकळा झाला. मी टेम्पो पळवला तसा कधीच कोणी पळवला नसेल. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. सेलूच्या जवळपास तो आपोआप सुटला.

दवाखान्यातली डॉक्टर माझ्याच वयाची होती. ती म्हणाली, "थोडं आधी आणलं असतं तर," आणि तिनं माझा चेहरा पाहिला. नंतर म्हणाली, "तसं काही सांगता येत नाही." दोन्ही वाक्यं तिनं एकाच आवाजात म्हटली. कोणतं खरं मानायचं हे विचारायला मी नंतर दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आले. सांगता येत नाही, हेच तिनं पुन्हा सांगितलं असतं.

बाबांच्या तेरवीला प्रेमदास आले. पंगत उठल्यावर ते हात धुवायला मागे गेले, तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या मागोमाग गेले.

"भाऊजी, त्या दिवशी विसाव्यावर तुम्ही आमच्याकडे हात केलता. आठवते?"

"हाव ना, आठवते." त्यांचे डोळे भरून आले. "तुमची गाडी पाह्यली आन् मी तानबाले म्हटलं, पाह्य, याले म्हन्तेत मानूस. भाजीनं भरलेली गाडी, बाजार सोडून रूपराव रुख्माबाईच्या मयतीले आला. मांगं मांगं, हॉर्न नाई का काई नाई. कोन करते आजकाल?"

"मंग हात?"

"रामराम केला ना मी त्याले," प्रेमदास म्हणाले. "त्यानं नाई केला. मले वाटलं, दुःखात हाय, ध्यान नसन."

मी त्यांच्या हातावर पाणी ओतत राहिले. तांब्या रिकामा झाला तरी ते हात पुढे धरून उभे होते. मग त्यांना काहीतरी लक्षात येऊ लागलं असावं. "काऊन वो बाई? काऊन विचारून राह्यली?"

"काही नाई," मी म्हणाले. "असंच."

काय सांगणार होते? तिथल्या कोणाचं काही चुकलं नव्हतं. सगळ्यांनी बाबांना चांगला माणूस मानलं, आणि चांगला माणूस म्हणून रस्त्यावरून कोणी बाजूला सरकलं नाही.

पुढच्या रविवारी बंडूजी काकाजी नेहमीच्या वेळेला आले. मी बोलावलं नव्हतं आणि त्यांनीही येऊ का म्हणून विचारलं नव्हतं. ओसरीवर आपल्या जागी बसले, खांबाजवळची जागा मोकळी ठेवून. मी मुरमुऱ्यांचा डबा आणला. मोबाइल त्याला टेकवून ठेवला, पण लावला नाही.

"त्या रेसचा निकाल लागला," ते म्हणाले. "पाह्यला का तू?"

"नाई."

पाहायचं कबूल केलं होतं, पण 'निकाल' हा शब्द मला मोबाइलवर टाइप करवत नव्हता.

"पांढरीले दंड झाला. खाली गेला तिचा नंबर. पंच म्हनाले, हिरवी चालू होती, हात जायचा नोता. थांबायले पाह्यजे होतं." त्यांनी दुपट्ट्यानं नाक पुसलं. "रूपरावच बरोबर होता लेकाचा. मी उगाच भांडलो त्याच्याशी शेवटच्या दिवशी. नियम हाय त हाय ना. म्हटलं, त्याच्या घरी जाऊन सांगाव एकदा, का बा, तू बरोबर."

जन्मभर बाबांच्या विरुद्ध बोललेला तो माणूस आता त्यांच्या बाजूनं बोलत होता, कारण त्या बाजूला दुसरं कोणी उरलं नव्हतं. बोलताना तो खांबाकडे बघत होता. मीही बघितलं. खांबाला बाबांच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता, तेवढाच.

"काकाजी, तुम्ही मले विचारलं होतं. कोन बरोबर म्हून."

"हाव. तू चहा ठेवाले गेलती."

"हाव."

ते वाट बघत होते. मी त्यांच्याकडे वळले नाही. मनगटावर दुसऱ्या हाताची बोटं ठेवली, जिथे त्या सकाळी बाबांची होती.

"नाई, बाबा," मी मोठ्यानं म्हणाले. "नाई थांबायचं. हात सोडा माहा. मी गाडी काढून राह्यली."