लाल किड्यांचं गाऱ्हाणं

परसातल्या भेंडीवर लाल किड्यांची जत्राच भरली होती. बुडाला बूड चिकटवून जोड्या फिरत होत्या. एक चालतो, दुसरा उलटा फरफटतो. हुबेहूब आमचा संसार! मी भिंग घेऊन बसलेच. नवऱ्याला मात्र फवारणीची घाई. "माझं बघून झाल्याशिवाय हात लावून दाखवा," मी दरडावलं.

शेवटी त्यांनी तुळशीपाशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, भेंडीवर जो काय किडो इलो आसा, तो भिकाजीच्या परड्यात न्हेवन घाल रे म्हाराजा!"

गडग्यापलीकडे शेजारचे भिकाजी आपल्या भेंडीला पाणी घालत होते. देवळातल्या गाऱ्हाण्यांना जन्मभर साथ दिलेला माणूस. झारी खाली ठेवून, डोळे मिटून, हात जोडून ते खणखणीत ओरडले, "व्हय म्हाराजा!"