मागच्या दारातलं पातेलं

आलानने चिमट्याने आणखी एक काटा उपसला आणि बशीच्या कडेला पुसला. त्यांच्या तळ्यातला हा मासा चवीला गोड, पण देवाने त्याच्या अंगात काट्यांचं कोठार भरून ठेवलेलं. पेइयिनच्या पेजेत एकही काटा जाता कामा नये, म्हणून ती सकाळपासून खिडकीच्या उजेडाशी बसली होती. हातांना काम होतं ते बरंच होतं. तोंडाने काय बोलायचं हे मात्र पंधरा दिवस ठरत नव्हतं.

पेइयिन तिच्या धाकट्या जावेची, सूचेनची मुलगी. सतरा वर्षांची पोर, हिशेबापेक्षा नाचात जास्त हुशार, आणि तिला रक्ताचा कॅन्सर. औषधांनी वर्षभर दबलेला रोग उलटला होता. आता दुसऱ्या कुणाच्या हाडातला मगज मिळाला तरच ती वाचणार होती. देणाऱ्यांच्या यादीत जुळणारा एक माणूस सापडलाही. पण हाडातलं काढून दिलं की कंबर कायमची जाते, असं म्हणून त्याच्या आईने अन्नपाणी सोडलं आणि तो मागे फिरला. आलानने त्या न पाहिलेल्या बाईला मनातल्या मनात पोटभर शिव्या घातल्या होत्या. मग घालता घालताच ती गप्प झाली.

कारण डॉक्टरांनी सगळ्यांत आधी विचारलं होतं, हिला सख्खं भावंड कुणी? सूचेन म्हणाली होती, नाही, एकुलती एक. आलान तेव्हा शेजारीच उभी होती. सूचेनने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

चोवीस वर्षांपूर्वी धाकटीला पहिला मुलगा झाला. थोरलीची कूस तोवर उजवली नव्हती, आणि थोरल्या घरात पूर्वजांपुढे उदबत्ती लावायला मुलगा तर हवाच. सासूने बाळ महिन्याचं व्हायच्या आत थोरलीच्या ओटीत घातलं. सुईण सासूच्या शब्दाबाहेर नव्हती, त्यामुळे कागदावरही आई म्हणून आलानचंच नाव लागलं. गावात असं होई, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. सासूने दोघी सुनांच्या हातात उदबत्त्या दिल्या आणि देव्हाऱ्यापुढे वदवून घेतलं, की ही गोष्ट तोंडाबाहेर जाणार नाही. पुढे सासू गेली, आलानचा नवराही गेला, शब्द तेवढा मागे राहिला. सूचेनने तो पाळला. पोटची पोर मरणाच्या दारात उभी असतानाही पाळला. आलानला खरा राग याचाच होता. सूचेनने मागितलं असतं, भांडली असती, तर आपल्याला एवढं लहान वाटलं नसतं.

बाहेर स्कूटर थांबली. हानवेन बर्फाच्या कारखान्यातून जेवायला घरी आला होता. चपला काढता काढता त्याने बशीत डोकावलं.

"आई, मासा टाकून काटेच शिजवणार आहेस का आज?"

"बस इथं."

तो बसला. आलानने चिमटा खाली ठेवला, परत उचलला. रात्रभर जुळवलेली वाक्यं ऐन वेळी कुठे पळाली कोण जाणे.

"हानवेन, तू माझ्या पोटचा नाहीस."

त्याने तिच्या हातातून चिमटा काढून घेतला आणि उरलेला मासा पुढे ओढला.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"सहावीत होतो तेव्हापासून."

मग तो काटे शोधता शोधता सांगत गेला. त्याच्या वाढदिवसाला दरवर्षी मागच्या दारात पातेलं यायचं. डुकराचे पाय शिजवून त्यात सोडलेल्या बारीक शेवया, वर लाल रंगवलेली अंडी. काकू म्हणायची, आमच्याकडे जास्त झालं म्हणून आणलं. काकूकडे वर्षातून एकदाच आणि नेमकं त्याच दिवशी जास्त कसं होतं, हे पोराला कळायला फार डोकं लागलं नव्हतं. शिवाय एरवी तासभर गप्पा छाटणारी काकू त्या दिवशी पातेलं ठेवून चहासुद्धा न पिता निघून जायची.

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलली नाहीस. म्हटलं, तुझी गोष्ट आहे, तूच सांगशील."

आलानने डोळे पदराने पुसावेत तसे ॲप्रनने पुसले. "मग आता नीट ऐक. उद्याच्या उद्या हॉस्पिटलात जा आणि..."

"जाऊन आलो. पंधरा दिवस झाले."

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. रक्त सगळंच्या सगळं जुळत होतं. त्याने ते सकाळीच ऐकलं होतं आणि डॉक्टरांकडून दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली होती, आधी घरी सांगायचं म्हणून. आलानने कागद दोनदा वाचायला लावला. दुसऱ्या वेळी तिच्या छातीवरचं मणभर ओझं उतरलं आणि ती पोटभर रडली. रडणं संपायच्या आतच तिने विचारलं, कंबरेचं काय? चार दिवस दुखते म्हणे, तो म्हणाला, तू तेल चोळ.

मग त्याने कागदावर बोट ठेवलं. रुग्णाशी नातं, सख्खा भाऊ. त्याखाली आईचं नाव, आलान.

"नर्स म्हणाली, यातलं एक काहीतरी चुकलंय. मी म्हटलं, दोन्ही बरोबर आहे."

आलान उठली. देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावून तिने सासूच्या नावाच्या पाटीला सांगितलं, की शब्द मोडला, आता वर आल्यावर काय बोलायचं ते बोला. हानवेनला तिने बाजारात पिटाळलं. संकट टळलं की घरात डुकराच्या पायाच्या शेवया होतात, वाढदिवस असो वा नसो. त्या करायच्या कशा हे मात्र ती कधी शिकलीच नव्हती. कधी वेळच आली नव्हती.

तिने सूचेनला फोन लावला. दुपारपर्यंत हॉस्पिटलात दीर बसायचा, सूचेन घरी असायची.

"सूचेन, शेवया किती भिजवू?"

"कसल्या शेवया?"

"दरवर्षी तू आणतेस त्या. हानवेनला सगळं ठाऊक आहे. पेइयिनशी त्याचं रक्त जुळलंय, तो देणार आहे."

 पलीकडे सूचेनने नाक ओढलं.

"तू हात लावू नकोस. खारट करशील. मी येते."

"ये," आलान म्हणाली. "आणि पुढच्या दाराने ये."